पीसीओएस असलेल्या तरुणीने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे

सांगली, मिरज, तासगाव या भागांत एखाद्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, की बहुतेक वेळा आधी सोनोग्राफी केली जाते, आणि अहवालात अंडाशयाविषयी काही लिहिलेले दिसले की घरात काळजी सुरू होते. क्रम खरे तर उलटा हवा. केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा, अर्थात हार्मोन्सचा विकार) निदान होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य म्हणजे हनुवटीवरचे राठ केस, हटवादी मुरुमे किंवा रक्तात वाढलेले टेस्टोस्टेरॉन, आणि अंडाशयाचे सोनोग्राफीतील विशिष्ट रूप, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. शिवाय थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारे संप्रेरक) यांचे दोष तपासून आधी बाजूला काढावे लागतात. पहिली पाळी येऊन आठ वर्षे झालेली नसतील, तर निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात निरोगी मुलीचे अंडाशयही तसेच दिसू शकते. अहवालात गाठींसारख्या दिसतात त्या पूर्ण न वाढलेल्या बीजकोशिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या छोट्या पिशव्या असतात. त्या शस्त्रक्रियेने काढून टाकायच्या नसतात.

म्हणून पहिले काम वहीचे आहे. कालनिर्णयवर टिंब करण्याची आपल्याकडची पद्धत चांगली असली, तरी वर्ष संपले की ते पान रद्दीत जाते; त्यापेक्षा स्वतःची छोटी वही ठेवावी. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस मोजावेत. पहिली पाळी येऊन तीन वर्षे उलटल्यावर हे अंतर २१ ते ३५ दिवसांच्या बाहेर वारंवार जात असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. गावची जत्रा, गौरी-गणपती किंवा घरचे लग्न यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर तेही लिहावे, कारण गोळ्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव पाळी आपोआप सुरळीत झाल्याची खूण नव्हे. ९० दिवस उलटूनही पाळी आली नाही, तर वाट पाहत बसू नये. गरोदरपणाची शक्यता असल्यास आधी ती चाचणी करावी. स्त्रीबीज बाहेर न पडता महिनोन्‌महिने गेले की गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि पुढे अनेक वर्षांनी त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे पाळी आली नाही तर बरेच झाले, कटकट टळली, हा विचार येथे महागात पडतो.

तपासणीला जाताना वही आणि जुने अहवाल बरोबर न्यावेत. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केली जाणारी साखरेची चाचणी सुचवली जाते, कारण उपाशीपोटीची साखर नॉर्मल असूनही जेवणानंतरचा बिघाड लपून राहू शकतो. मानेवर किंवा काखेत काळसर, मखमली पट्टा असेल तर तो दाखवावा. तो मळ नसतो, घासून जात नाही. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याचे ते लक्षण असू शकते. असे झाले की शरीर जास्त इन्सुलिन तयार करते, आणि ते जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरके तयार करायला लावते.

आहाराबाबत खास महागड्या पावडरी घेण्याची गरज नाही. कोणताही एक आहार पीसीओएससाठी इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही. आपल्याकडची शाळूची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडी, हे सर्व उत्तमच आहे. फक्त भाताचा ढीग आणि वर पातळ आमटी, असे ताट असू नये. डाळ-उसळ वाढवून भात कमी करावा. ऊसपट्ट्यात गूळ औषधी मानला जातो, परंतु इन्सुलिनच्या हिशेबात गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. तासगावचे बेदाणे मूठभर खावेत, वाटीभर नव्हे. रसवंतीचा रस रोजचा ठेवू नये. संध्याकाळी भडंग खाल्ले म्हणून बिघडत नाही, मात्र तेच रात्रीचे जेवण होऊ नये. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के घटही उपयोगी पडते, म्हणजे ७० किलोच्या मुलीसाठी साडेतीन ते सात किलो. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो. त्यांनी उपाशी राहण्याचे कारण नाही.

आठवड्यात किमान १५० मिनिटे दमवणारी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम असावा. भांगलणीला जाणारी मुलगी यातले बरेच आपोआप करते. अभ्यासिकेत दहा तास बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारीने मात्र त्यासाठी वेळ ठरवून काढावा.

औषधांत पाळी नियमित करण्यासाठी बहुधा संयुक्त संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जातात. त्या गर्भनिरोधक म्हणूनही वापरल्या जातात, हे कळताच आईला धक्का बसतो. म्हणून डॉक्टरांकडे आईलाही सोबत घेऊन जावे. डोळ्यांपुढे प्रकाशरेषा येऊन होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा घरचा इतिहास किंवा तंबाखूचे व्यसन असेल, तर ते न लपवता सांगावे. शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारणारे मेटफॉर्मिन हे औषध जेवणासोबत, कमी मात्रेपासून सुरू केल्यास पोटाचा त्रास कमी होतो. ते दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी मुलींनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. चेहऱ्यावरच्या केसांवर औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात; तोवर थ्रेडिंग किंवा रेझर वापरण्यास हरकत नाही, रेझरने केस दाट होत नाहीत. दिवसेंदिवस मन उदास राहत असेल, तर तेही याच डॉक्टरांना सांगावे, कारण या विकारात नैराश्य आणि चिंता अधिक आढळतात.

लग्न झाले की सगळे सुरळीत होते, असे सांगणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालण्यात अर्थ नाही. लग्न हा उपचार नव्हे, आणि पीसीओएस म्हणजे वंध्यत्वही नव्हे. बहुतेक जणींना मूल होते; स्त्रीबीज बाहेर पडत नसेल तर प्रथम लेट्रोझोल हे औषध दिले जाते. उलट, पाळी अनियमित असली तरी अधूनमधून स्त्रीबीज बाहेर पडू शकते, त्यामुळे मूल नको असेल तर गर्भनिरोधन आवश्यकच असते. चेहऱ्यावरचे केस कमी करण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन हे औषध सुरू असेल, तर मुलाचा विचार करण्यापूर्वी ते कधी थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो.