रविवारी उबुंटूची मशीनं दुरुस्त करण्याआधी

इंदूरला राजवाड्याजवळच्या आपल्या वाचनालयातली उबुंटूवर (लिनक्स प्रकारची कार्यप्रणाली) चालणारी जुनी मशीनं पीकेएक्झेक या प्रोग्राममधली सुरक्षेची चूक बुजवायला हातात घ्यायची आहेत, तर रविवार ठरवताना रंगपंचमीचा आठवडा टाळा. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की तिथे पोचणंच कठीण.

प्रत्येक मशीनवर उबुंटूची आवृत्ती कोणती, ३२ बिट की ६४ बिट, आणि खाती कोणाकोणाची, हे आधी वहीत उतरवून घ्या. खात्यांकडे काणाडोळा नको. पीकेएक्झेक हा पॉलिसीकिट पॅकेजमधला, दुसऱ्याच्या अधिकारानं आज्ञा चालवणारा प्रोग्राम. त्यातल्या चुकीचा फायदा घ्यायला मशीनवर साधं लॉगिन पुरतं, तेवढ्यावर माणूस थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होतो. आपल्याकडे तर एकेका मशीनवर दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलांची खाती बंद करा, पाहुण्यांचं खातंही.

शनिवारी सभासदांची नोंद आणि पुस्तकांची देवघेव दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

आता मुख्य गोष्ट. पीकेएक्झेकमधली ही चूक २००९ पासून होती, उघडकीला आली जानेवारी २०२२ मध्ये. उबुंटूच्या १८.०४ आवृत्तीला दुरुस्ती नेहमीच्या अपडेटमधून मिळाली. १६.०४ चा नेहमीचा सपोर्ट मात्र एप्रिल २०२१ मध्येच संपला होता. त्यामुळे तिथे अपडेट चालवलं की नवीन काही नाही असं दिसतं आणि भोक तसंच राहतं. मला खरी धास्ती याचीच आहे. पॉलिसीकिट पॅकेजची आवृत्ती स्वतः बघितल्याशिवाय त्या मशीनपुढे बरोबरची खूण करू नका. १६.०४ ला दुरुस्ती उबुंटू प्रो (जुन्या आवृत्त्यांनाही अपडेट देणारी उबुंटूची सेवा) जोडल्यावर मिळते. ते वैयक्तिक वापराला ५ मशीनपर्यंत मोफत आहे. संस्थेला कोणते नियम लागतात, हे सचिवांनी आधीच बघून ठेवावं.

दुरुस्ती मिळेपर्यंत सीएचमॉड ०७५५ ही परवानग्या बदलणारी आज्ञा देऊन पीकेएक्झेकवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्राम मालकाच्या, इथे रूटच्या, अधिकारानं चालवणारी खूण) काढा. मग परवानग्यांची ओळ वाचा: मालकाच्या तीन अक्षरांत शेवटी ‘एस’ होता, तिथे ‘एक्स’ दिसला पाहिजे. यानंतर पासवर्ड विचारून उघडणारी काही साधनं चालणार नाहीत. सूडो या, रूटच्या अधिकारानं काम करू देणाऱ्या दुसऱ्या आज्ञेनं काम भागवा.

पॉलिसीकिटच्या दुरुस्तीला रीबूट लागत नाही. कर्नलचं, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचं, तसं नाही: २०१६ ची डर्टी काऊ नावाची अशीच चूक कर्नलमध्येच होती, आणि नवं कर्नल उतरलं तरी रीबूट होईपर्यंत जुनंच चालू राहतं.

पॅच, म्हणजे ही दुरुस्ती, लावण्याआधी ऑथ लॉग (लॉगिन आणि अधिकारांची नोंद ठेवणारी फाइल) चाळा. ‘शेल’ व्हेरिएबलबद्दल पीकेएक्झेकची तक्रार दिसली तर मशीन नेटवर्कवरून काढा. खूण न ठेवताही हल्ला होऊ शकतो, म्हणून लॉग कोरा असला तरी अनोळखी खाती शोधाच. संशय आला तर नुसता पॅच पुरत नाही, डेटा काढून सगळं नव्यानं टाका. ३२ बिटच्या मशीनांवर नवी उबुंटू बसणार नाही. त्यांच्यासाठी डेबियन १२ (लिनक्सचाच दुसरा प्रकार) चा पेनड्राइव्ह तयार ठेवा.