आरोग्यव्यवस्थेवर संशोधन करताय? संदर्भ शोधताना या चुका टाळा

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का टिकत नाहीत? सरकारी विमा योजना असूनही कुटुंबं दवाखान्याच्या खर्चापायी कर्जात का बुडतात? हे प्रश्न आरोग्याचे असले तरी त्यांची उत्तरं एकट्या वैद्यकशास्त्रात मिळत नाहीत. अर्थशास्त्र, समाजकार्य, लोकप्रशासन आणि सरकारी दप्तर अशा चार ठिकाणी ती विखुरलेली असतात. एमपीएच (सार्वजनिक आरोग्य), एमएसडब्ल्यू (समाजकार्य) किंवा पीएचडी करणारे अनेक जण मात्र एखाद्या औषधाची माहिती काढावी तसा शोध घेतात आणि ‘या विषयावर कामच झालेलं नाही’ असं लिहून मोकळे होतात. काम झालेलं असतं. ते भलतीकडे असतं.

पबमेडवरच थांबणं

पबमेड ही संशोधन लेखांची ऑनलाइन शोधसूची उत्तम आहे, पण तिथे प्रामुख्याने वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय नियतकालिकं येतात. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आरोग्यधोरणावर अनेक दशकं लिहिलं गेलं आहे. मेडिको फ्रेंड सर्कल या आरोग्य कार्यकर्त्यांच्या गटाच्या जुन्या बुलेटिनमध्ये तर आजही ताजे वाटावेत असे वाद आहेत. आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या मुंबईच्या ‘सेहत’चे आणि पुण्याच्या ‘साथी’चे अहवाल त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. महाराष्ट्रात २००७ पासून सुरू झालेल्या लोकाधारित देखरेखीवर (लोकांनीच सरकारी आरोग्यसेवा तपासण्यावर) काम करायचं आणि ‘साथी’चं साहित्य वाचायचं नाही, हे चालणारच नाही. अप्रकाशित प्रबंधांसाठी शोधगंगा हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा आहे.

ग्रंथालयातही हाच घोटाळा होतो. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात वैद्यकशास्त्र ६१० पाशी, सार्वजनिक आरोग्य ६१४ पाशी आणि आरोग्यसेवांची व्यवस्था ३६२.१ पाशी, म्हणजे समाजशास्त्रांच्या कपाटात असते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे शेवटचं कपाट बहुधा तोकडं असतं. त्यासाठी मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था किंवा आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पुण्यात गोखले संस्था गाठावी. जाण्याआधी परवानगीपत्राची चौकशी करा. ग्रंथपालांना ‘आरोग्यावर काही आहे का’ असं विचारू नका. जिल्हा, काळ आणि योजना सांगा.

एकाच नावाने शोधणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे योजना चालू राहते आणि नाव बदलतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आजच्या नावाने शोधलंत तर सुरुवातीच्या पाच वर्षांचे अभ्यास हाती लागणार नाहीत. २००५ चं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २०१३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानात सामावलं. उपकेंद्राचं आधी आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, मग आयुष्मान आरोग्य मंदिर. ‘रूरल हेल्थ स्टॅटिस्टिक्स’ हा वार्षिक अहवालही आता ‘हेल्थ डायनॅमिक्स ऑफ इंडिया’ या नावाने निघतो.

म्हणून शोध सुरू करण्याआधी कागदावर नावांची यादी करा: जुनं, नवं, लघुरूप आणि रोमन लिपीतली वेगवेगळी स्पेलिंगं. मग शोधताना ती सगळी ‘ऑर’ने (OR, म्हणजे यांपैकी कोणतंही) जोडा. शून्य निकाल आले तर आधी अवतरणचिन्हं काढून पाहा, कारण त्यांच्यामुळे पबमेड समानार्थी शब्द आपणहून शोधायचं थांबवतं. उलट हजारो निकाल आले तर ‘हेल्थ सर्व्हिसेस ॲक्सेसिबिलिटी’सारखी पबमेडची ठरलेली विषयनामं वापरा आणि ती जिल्ह्याच्या नावाशी ‘ॲन्ड’ने (AND, म्हणजे दोन्ही हवीत) जोडा.

शासन निर्णय शोधताना एकाच विभागात अडकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतं, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. आदिवासी भागासाठी आदिवासी विकास विभागही पाहावा लागतो. जुने निर्णय अनेकदा स्कॅन केलेले असतात. त्यांच्या आतला मजकूर शोधता येत नाही, म्हणून विभाग आणि तारीख धरून चाळावं.

आकडा उचलणं, तो कुठून आला ते न पाहणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीतले ठाणे जिल्ह्याचे आकडे शेजारी ठेवून ‘सुधारणा झाली’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण चौथ्या फेरीत २०११ च्या जनगणनेतले जिल्हे धरले होते, म्हणजे त्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, डहाणू होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि पाचव्या फेरीत तो स्वतंत्र आहे. कुपोषणाने गांजलेले आदिवासी तालुके पाचव्या फेरीतल्या ठाण्यातून वगळले गेले, तर उरलेला जिल्हा आपोआप बरा दिसणार. शिवाय पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्येच संपलं होतं, त्यामुळे त्यातून कोविडचा परिणाम काढता येत नाही.

एचएमआयएसचे, म्हणजे सरकारच्या आरोग्य माहिती प्रणालीचे, आकडे वेगळ्या जातीचे आहेत. ते घरोघरी विचारून घेतलेले नसून दवाखान्यांनी भरून पाठवलेले असतात. खासगी रुग्णालयांची नोंद अपुरी असते आणि भागाकारासाठी लोकसंख्या अंदाजाने घेतात. त्यामुळेच एखाद्या ठिकाणी लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं दिसतं.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार (देशातल्या आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार) एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा द्या, पण तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या (घरोघरी खर्च विचारणाऱ्या सरकारी पाहणीच्या) कोणत्या फेरीवर उभा आहे तेही द्या. ही घट खरी किती आणि मोजण्याच्या पद्धतीमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. ज्या घरात औषधापायी दागिने गहाण पडले, त्या घराचा प्रश्न आपण लिहीत असतो. तिथे हलगर्जी नको.

लेख पैसे मागतो म्हणून सोडून देणं

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. आपल्या संस्थेची नोंदणी झाली आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. खासगी महाविद्यालयात असाल तर पूर्ण लेख मोफत देणारं पबमेड सेंट्रल पाहा, ब्राउझरमध्ये लेखाची मोफत प्रत शोधून देणारं अनपेवॉल बसवा, नाहीतर लेखकाला दोन ओळींचा ईमेल लिहा. बरेच लेखक लेख पाठवतात.

फक्त मागे पाहणं

लेखाच्या शेवटची संदर्भयादी सगळेच चाळतात. पण त्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, हे गूगल स्कॉलरवर ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली की कळतं. गडचिरोलीतल्या घरच्या घरी नवजात बाळसेवेवरचा १९९९ चा ‘लॅन्सेट’मधला लेख घ्या. तिथून पुढे चालत गेलात की आशा सेविकांमार्फत राबवलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमावरच्या अभ्यासांपर्यंत पोचाल.

चॅटबॉटने दिलेला संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नका. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही, असं सर्रास होतं.

सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात. अहवाल मिळाला की पीडीएफ लगेच उतरवून ठेवा आणि तारीख टिपून घ्या. दुवा मेला असेल तर तोच पत्ता वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या संकेतस्थळावर टाकून पाहा. पुष्कळदा जुनी प्रत तिथे मिळते.