गळकी इंधनटाकी बदलताना: विमान दुरुस्तीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि मालवण-वेंगुर्ल्याकडची ओळखीची मुलं विचारू लागली, ‘ताई, विमानाच्या दुरुस्तीत नेमकं काय करावं लागतं?’ मी पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांवर काम करते, तेही किनाऱ्यालगतच्या हँगरमध्ये. इंजिनाबद्दल सांगणारे खूप भेटतील. मी टाकी बदलण्याबद्दल सांगते, कारण या एका कामात नवख्याला आमचा बहुतेक सगळा धंदा बघायला मिळतो.

गळती आधी रंगावरून कळते. ही विमानं एव्हगॅस १०० एलएल या पेट्रोलवर चालतात आणि त्यात निळा रंग घातलेला असतो. पेट्रोल उडून जातं, रंग मागे राहतो आणि पंखाखाली निळसर ओघळ दिसतो. पण डाग दिसला तिथेच भोक असेल असं धरून चालू नका. कौलारू घरात कौल सरकतं एकीकडे आणि पाणी वाशावरून येऊन ठिपकतं भलतीकडे, तसंच हे. जागा कोरडी पुसायची, अर्धा तास थांबायचं आणि ओल किती पसरली ते बघायचं. साधारण २ सेंटीमीटरच्या आत असेल तर डाग, ४ पर्यंत झिरप, १० पर्यंत मोठी झिरप, थेंब पडू लागले की वाहती गळती. जिथे वाफ कोंडून राहू शकते अशा बंदिस्त जागेत मात्र छोटा डागही दुरुस्त केल्याशिवाय विमान उडवायचं नसतं.

रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) रांगेतून नुसतं झिरपत असेल तर पुन्हा सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावून भागू शकतं. त्या सीलंटच्या डब्यावर ‘बी-२’ असं काही लिहिलेलं असतं. बी म्हणजे घट्ट प्रकार, आणि २ म्हणजे कालवल्यावर दोन तास ते लावता येतं. पण हे दोन तास २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला धरलेले. जुलैत आमच्याकडे हवा ८०-९० टक्के दमट असते, त्यामुळे ते बरंच आधी आळायला लागतं. म्हणून थोडं थोडं कालवा. पत्र्यालाच गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र मी टाकी बदलण्याच्याच बाजूची आहे.

पायपर पीए-२८ या छोट्या विमानाचं उदाहरण घेते. तिची टाकी म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेचाच एक तुकडा, एकेका बाजूला सुमारे ९५ लिटरची. टाकीतलं पेट्रोल उपसताना विमान आणि पेट्रोलचं भांडं दोन्ही तारेने जोडून अर्थिंग करायचं, मोबाइल बाहेर ठेवायचे, दारं सताड उघडी आणि अग्निशामक हाताशी. रिकाम्या टाकीला घाबरायला शिका. भरलेल्या टाकीपेक्षा तिच्यात पेटू शकणारी वाफ जास्त असते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते.

मग येतात स्क्रू, आणि खरा वेळ इथे जातो. टाकीच्या कडेने त्यांच्या रांगा असतात. पोलादाचा स्क्रू, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये खारी ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम खंगत जातं आणि पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. अशा स्क्रूला जोर लावला की डोक्यावरची खाच घासून गुळगुळीत होते. मग ड्रिल करावं लागतं, आणि पेट्रोलच्या वाफेजवळ ड्रिल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आमचे सीनियर मालवणीत एवढंच म्हणायचे, ‘घाय करू नको गो.’ गंज सोडवणारं तेल आदल्या संध्याकाळी सोडायचं, खाचेत नेमकं बसणारंच टोक घ्यायचं, घासलेलं टोक सरळ फेकायचं, आणि आधी किंचित आवळून मग सोडवायचं. मला हे काम मनापासून आवडतं. स्क्रू सुटला की हाताला आधी कळतं, कानाला नंतर.

स्क्रू निघाले की पेट्रोलची नळी, व्हेंटची (टाकीत हवा येण्या-जाण्याची) नळी आणि गेजची (पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याची) वायर सोडवून टाकी पुढे ओढून काढतात. नवी टाकी येते तेव्हा आधी तिचे कागद, म्हणजे भाग वापरायला योग्य असल्याचे दाखले, बघा: परदेशातून आली असेल तर एफएएचा (अमेरिकेची विमान नियामक संस्था) ८१३०-३ किंवा ईएएसएचा (युरोपची) फॉर्म १, भारतातला भाग असेल तर सीए फॉर्म १. कागद नसेल तर टाकी कितीही चकाचक असो, ती बसवायची नाही. स्क्रूही पार्ट्स कॅटलॉगमधल्या नंबरचेच. बसवल्यावर पेट्रोल टप्प्याटप्प्याने भरून काट्याशी ताडून बघतात. टाकीत फक्त वापरता न येणारं, तळाशी राहणारं पेट्रोल उरलं की काट्याने शून्य दाखवलं पाहिजे, कारण वैमानिकाचा विश्वास त्या काट्यावर असतो.

आता परीक्षेचं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवं. डीजीसीएच्या (भारताची विमान नियामक संस्था) सीएआर-६६ नियमांत पिस्टन विमानांच्या दुरुस्तीसाठी बी१.२ लायसन्स असतं आणि परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलला (विषयाला) ७५ टक्के लागतात. सोबत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची नोंदवही ठेवावी लागते. टाकीच्या कामात हात लावलात तर त्याच दिवशी तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, तुम्ही स्वतः काय केलं आणि मॅन्युअलचं प्रकरण लिहा (इंधनाचं प्रकरण २८), आणि लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही संध्याकाळी घरी जाण्याआधी घ्या.