इमॅक्समध्ये फाइल्स हाताळताना या चुका टाळा

इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्या प्रत्येकाला मी डायर्ड, म्हणजे त्यातच फाइल्सची यादी दाखवून त्या हाताळायची सोय, आग्रहाने शिकवतो. कंट्रोल-एक्स, मग ‘डी’, की डिरेक्टरीची यादी समोर हजर. पण नव्या लोकांना धीर नसतो. खुणा कशा चालतात हे कळायच्या आधीच त्यांना शॉर्टकट हवे असतात.

सगळ्यात महागात पडते ती कॅपिटल ‘डी’. लहान ‘डी’ नुसती खूण करते, ‘एक्स’ दाबेपर्यंत काहीही पुसलं जात नाही. कॅपिटल ‘डी’ लगेच पुसायला निघते. त्यातही यादीत कुठेही ‘एम’ने केलेली चांदणीची खूण असेल, तर कर्सरखालची फाइल राहते बाजूला आणि खुणेच्या फाइल्स जातात. आमच्या टीममधल्या एका मुलाने सकाळी सेटिंग्जच्या फाइल्सवर ‘एम’ने खुणा करून त्यांत काहीतरी शोधलं. शोध संपला, खुणा तशाच राहिल्या. दुपारी यादीच्या तळाशी जाऊन एका जुन्या लॉगवर त्याने कॅपिटल ‘डी’ दाबली. इमॅक्सने सगळ्या फाइल्सची नावं दाखवून विचारलंही. पण ‘यस’ पूर्ण टाइप करायचा कंटाळा म्हणून नुसत्या ‘वाय’वर भागवणारं ‘यूज-शॉर्ट-आन्सर्स’ चालू केलेलं; ‘वाय’ दाबून मोकळा. सेटिंग्ज गेल्या, लॉग जागेवरच! त्या फाइल्स गिटमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, नव्हत्या. उरलेला दिवस एकेकाकडून त्यांतले पासवर्ड पुन्हा मागण्यात गेला.

‘यस’च्या तीन इंग्रजी अक्षरांनी माणूस क्षणभर थांबतो, म्हणून ती टाइप करावीत असं माझं ठाम मत आहे. पुसायच्या आधी मी कॅपिटल ‘यू’ने सगळ्या खुणा काढतो. शिवाय पुसलेली फाइल कचरापेटीत ठेवणारी ‘डिलीट-बाय-मूव्हिंग-टू-ट्रॅश’ ही सेटिंग मुळात बंद असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

‘एम’ने खूण करून ‘एक्स’ दाबलं तर काहीच होत नाही. ‘एक्स’ला लहान ‘डी’चीच खूण लागते.

‘के’ने यादीतली ओळ गेली म्हणजे फाइल गेली असं नाही. ‘जी’ दाबून यादी ताजी करा, परत दिसेल.

दुसरी चूक गुपचूप घडते. फाइल इमॅक्समध्ये उघडी असताना लोक टर्मिनलमध्ये जाऊन ‘एमव्ही’ या कमांडने तिचं नाव बदलतात. बफरला, म्हणजे इमॅक्समधल्या तिच्या उघड्या प्रतीला, जुनंच नाव माहीत असतं. पुढच्या सेव्हला जुन्या नावाची फाइल पुन्हा तयार होते, तीही काही न विचारता. मग नवे बदल एका फाइलमध्ये, प्रोग्रॅम वाचतोय दुसरीच, आणि ‘कोड चालत नाही’ म्हणून मला हाका. डायर्डमध्ये कॅपिटल ‘आर’ने नाव बदललं की उघड्या बफरचं नावही सोबत बदलतं. फाइल उघडी असेल तर टर्मिनलला हात लावू नका.

ढीगभर नावं बदलायची असतील तर कंट्रोल-एक्स कंट्रोल-क्यू दाबून यादीच एडिट करा. कंट्रोल-सी कंट्रोल-सी केल्यावरच डिस्कवर बदल होतो. त्यानंतर अनडू करून जुनी नावं परत येत नाहीत, म्हणून त्याआधी यादी वरपासून खालपर्यंत वाचा. काही चुकलेलं दिसलं तर कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबून बदल रद्द करा.