गो: १५ क्यूवर अडकलेल्यांसाठी सराव

गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळात १५ क्यूच्या (नवशिक्यांच्या थोड्या वरच्या पातळीच्या) आसपास डाव सहसा सुरुवातीच्या खेळ्यांनी जात नाहीत, जगू शकणारा गट (एकमेकींना जोडलेल्या सोंगट्या) मेल्याने, म्हणजे पकडला गेल्याने, जातात. म्हणून जोसेकी (कोपऱ्यातल्या ठरावीक सुरुवातीच्या खेळ्या) पाठ करणं थांबवा आणि रोज १५ मिनिटं त्सुमेगो (गट जगवण्या-मारण्याची कोडी) सोडवा. प्रश्न एका मिनिटात सुटतील इतके सोपे घ्या. शेवटची खेळी डोक्यात दिसेपर्यंत सोंगटी ठेवायची नाही. ॲपवर अंदाजाने टिचक्या मारल्या, तर पुढचं वाचण्याची ताकद वाढतच नाही.

काही आकार पाठच हवेत. गटाने वेढलेली आतली रिकामी जागा सरळ चार घरांची असेल तर गट जिवंत, चौकोनी चार असेल तर मेलेला. तीन घरं असतील तर ज्याची पाळी, त्याची सरशी. कडेला दुसऱ्या ओळीवर सलग सहा सोंगट्या मरतात, आठ जगतात, सातांना जगायला एक खेळी द्यावी लागते.

आठवड्यातून दोन संथ डाव खेळा: ३० मिनिटं, मग ३० सेकंदांचे ५ ब्योयोमी (मुख्य वेळ संपल्यावर मिळणारे जादा वेळेचे टप्पे). डावानंतर आधी स्वतःच्या शंका लिहा, मगच काटागो (डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम) उघडा. त्यातला जिंकण्याच्या शक्यतेचा आलेख सर्वांत जास्त कोसळला त्या तीनच खेळ्या तपासा. एकदोन गुणांचे फरक खुशाल सोडा, या पातळीवर त्यांतून काहीच शिकता येत नाही.

स्पर्धेत सोंगटी ठेवली त्याच हाताने घड्याळ दाबा. दामे (शेवटी उरलेली, कोणालाच गुण न देणारी घरं) भरताना प्रत्येक वेळी आतारी (पुढच्याच खेळीत पकडलं जाण्याचा धोका) तपासा: बाहेरच्या लिबर्टी (गटाला लागून असलेली रिकामी घरं) संपल्या की आतला कच्चा जोड तुटतो आणि जिंकलेला डाव तिथेच हातचा जातो.