विद्यार्थी मंडळातून संसदीय कार्यपद्धती शिकवताना

महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळाचे किंवा अभिरूप (म्हणजे खऱ्या संसदेच्या धर्तीवर सरावासाठी भरवलेल्या) युवा संसदेचे काम ज्या प्राध्यापकांकडे पहिल्यांदाच आले आहे, त्यांच्यासाठी हे अनुभव लिहीत आहे. मी राज्यशास्त्र शिकवतो आणि ही दोन्ही कामे बरीच वर्षे पाहत आलो आहे. संहिता पाठ करून सादर केलेल्या अधिवेशनातून विद्यार्थ्यांना संसदेचे बाह्य रूप कळते. कार्यपद्धती मात्र, ज्या निर्णयाचा परिणाम त्यांना स्वतःला भोगायचा आहे तो मतदानाने घ्यावा लागतो तेव्हाच समजते, असे माझे ठाम मत आहे.

युवा संसदेची कल्पना जुनी आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या प्रतोदांच्या, म्हणजे सभागृहात आपापल्या पक्षाच्या सदस्यांची उपस्थिती व मतदान सांभाळणाऱ्यांच्या, चौथ्या अखिल भारतीय परिषदेने शिक्षणसंस्थांमध्ये अभिरूप संसद भरवण्याची शिफारस केली, १९६६च्या सुमारास दिल्लीतील शाळांमध्ये स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये व विद्यापीठांपर्यंत ही योजना पोहोचली. या स्पर्धांत मुलांचा संकोच जातो, हा लाभ मोठाच आहे. परंतु साधारण तासाभराच्या सादरीकरणात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आणि प्रत्येक मतदानाचा निकाल आधीच ठरलेला असतो, त्यामुळे नियम कशासाठी केले आहेत हे कोणाला जाणवतच नाही.

म्हणून सुरुवात एका साध्या प्रस्तावापासून करावी. ‘परीक्षेच्या काळात ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे, अशी विनंती हे मंडळ प्राचार्यांना करत आहे’ असा प्रस्ताव एकाने लेखी मांडावा आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावे. आमच्याकडे अशा चर्चेत वसतिगृहातील मुले एकमुखाने बोलू लागतात आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने गावी जाणाऱ्या मुली गप्प बसतात. त्यांच्यापैकी एखादीने ‘आणि सकाळी सातला उघडावे’ एवढे शब्द जोडणारी उपसूचना दिली, की अध्यक्षाला ती चर्चेला घ्यावीच लागते. उपसूचना मूळ विषयाशी संबंधित असली पाहिजे आणि मूळ प्रस्तावाला केवळ नकार देणारी असता कामा नये; त्यानंतर आधी उपसूचनेवर आणि मग सुधारलेल्या प्रस्तावावर मत घ्यायचे. हा क्रम विद्यार्थ्यांना नीट समजेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण ज्यांची संख्या कमी आहे त्यांचे म्हणणे मताला टाकले जाण्याची हमी याच क्रमात आहे. मतदान आधी आवाजी घ्यावे आणि निकालाला कोणी आव्हान दिले तर मते मोजावीत. मोजणीत हरलेल्या बाजूलाही आपली मते किती होती हे कळते, आणि त्याने बराच राग निवळतो.

अध्यक्षपदी नेहमीच्या वक्त्याला बसवू नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० प्रमाणे लोकसभेचे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. मते समसमान पडली तरच त्यांना निर्णायक मत असते. ही अलिप्तता पाळणे विद्यार्थ्यांना भाषणापेक्षा अवघड जाते, तेव्हा दर बैठकीला अध्यक्ष बदलून प्रत्येकाला ती सवय करू द्यावी. प्रत्येकाने ‘अध्यक्ष महोदय’ किंवा ‘अध्यक्ष महोदया’ असे संबोधूनच बोलावे हा नियम सुरुवातीला मुलांना कृत्रिम वाटतो; पण दोघे समोरासमोर हमरीतुमरीवर येण्याऐवजी तिसऱ्या व्यक्तीला उद्देशून बोलू लागले की आवाज आपोआप खाली येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालवायला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, संसदेला एक दशांश सदस्य पुरतात. वीस-पंचवीस जणांच्या मंडळात निदान एक तृतीयांश उपस्थिती ठेवावी, नाहीतर तिघे जण सर्वांच्या वतीने निर्णय घेतील.

प्रश्नोत्तराच्या तासाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि त्यांच्या तोंडी उत्तरावर उपप्रश्न विचारता येतात; अतारांकित प्रश्नांना मात्र फक्त लेखी उत्तर मिळते. हा फरक सांगून विद्यार्थ्यांना देशाच्या संरक्षणखर्चावर प्रश्न विचारायला लावण्यापेक्षा स्नेहसंमेलनाच्या खर्चावर विचारायला लावावे. ‘मंडपाचा खर्च किती झाला आणि किती ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती?’ असा प्रश्न आठवडाभर आधी लेखी दिला, तर उत्तर देणाऱ्या सचिवाला पावत्या काढून बसावे लागते. उपप्रश्न मात्र आधी सांगायचा नसतो. नीट ऐकल्याखेरीज उपप्रश्न सुचत नाही आणि पाठांतर तेथे निरुपयोगी ठरते.

हरकतीच्या मुद्द्याचे, म्हणजे कामकाजात नियम मोडला जात असल्याची तक्रार मध्येच मांडण्याचे, मुलांना फार आकर्षण असते. कोणता नियम मोडला हे सांगता आले तरच तो ऐकावा, इतकी अट पुरेशी आहे. शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडण्याची वेळ), हक्कभंग (सभागृहाच्या किंवा सदस्यांच्या विशेषाधिकारांचा भंग) वगैरे विषय दुसऱ्या वर्षासाठी ठेवले तरी काही बिघडत नाही.

इतिवृत्त मात्र पहिल्या बैठकीपासूनच विद्यार्थ्यांनी लिहावे: प्रस्तावाचे नेमके शब्द, प्रस्तावक, अनुमोदक आणि मतांची संख्या. पुढच्या बैठकीत ते वाचून कायम करावे, संमत ठरावाची प्रत प्राचार्यांकडे पाठवावी आणि त्यांच्याकडून लेखी उत्तर मागावे. उत्तर नकाराचे आले तरी ते कारणांसह सभेत वाचून दाखवावे व त्यावर नवा प्रस्ताव मांडायचा की नाही, हे मंडळाला ठरवू द्यावे.