टर्बो रोटरी इंजिनाचे ट्यूनिंग करून घेताना

रोटरी इंजिनाला (यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो) टर्बो असलेली गाडी ट्यूनिंगला नेण्याआधी मालकाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या इंजिनाचे नुकसान व्हायला डेटोनेशनचा, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण अनियंत्रितपणे स्फोटासारखे पेटण्याचा, एखादा तडाखाही पुरतो. पिस्टनच्या इंजिनात असे थोडे डेटोनेशन (नॉकिंग) झाले तर खडखड ऐकू येते, चालक पाय उचलतो आणि बहुतेक वेळा इंजिन वाचते. माझदाच्या १३बी टर्बो इंजिनात रोटरच्या तीन टोकांवर बसणारी एपेक्स सील अवघी २ मिलिमीटर जाडीची असते. ती तडकली की तिचा तुकडा हाउसिंगच्या (रोटर ज्यात फिरतो त्या कवचाच्या) क्रोमच्या थरावर ओरखडे ओढत एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडतो आणि जाता जाता टर्बाइनची पातीही मोडतो. इंजिन आणि टर्बो अशा रीतीने एकाच क्षणी हातचे जातात. त्यामुळे किती अश्वशक्ती मिळेल हा प्रश्न मी नेहमी शेवटी ठेवतो आणि हे इंजिन ट्यूनिंग करण्याच्या लायकीचे आहे का, हा प्रश्न आधी विचारतो.

त्याचे उत्तर कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जाते याच्या, चाचणीत मिळते. पिस्टन इंजिनासाठीचा साधा गेज येथे अपुरा पडतो, कारण रोटरला तीन बाजू असतात आणि साधा गेज त्यांपैकी सर्वांत जास्त दाब देणाऱ्या बाजूचाच आकडा धरून ठेवतो. रोटरीसाठी वेगळा टेस्टर मिळतो. तो प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्र दाखवतो आणि स्टार्टर ज्या वेगाने इंजिन फिरवत होता तो वेगही नोंदवतो. हा वेग महत्त्वाचा आहे. माझदाचे मानक आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांसाठी दिलेले असतात, त्यामुळे बॅटरी जोरदार असलेल्या गाडीचे आकडे उगाच चांगले दिसतात आणि बॅटरी उतरलेल्या गाडीचे उगाच वाईट. चाचणी इंजिन पूर्ण गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि इंधन व इग्निशन बंद ठेवून करावी. आकडे हाती आल्यावर सरासरी काढू नये, बाजूंमधला फरक पाहावा. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १.५ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर ट्यूनिंगचा विचार तेथेच थांबवावा. शेजारच्या दोन बाजू एकदम पडल्या असतील तर त्या दोघींमधल्या एपेक्स सीलवर संशय घ्यावा, आणि एकच बाजू पडली असेल तर रोटरच्या सपाट कडेवरच्या साइड सीलवर. टेस्टर उपलब्ध नसेल तर साध्या गेजचा एकमार्गी व्हॉल्व्ह काढून सुईचे हेलकावे पाहता येतात. तीन हेलकावे सारख्याच उंचीचे आणि सारख्याच अंतराने आले तर रोटर बहुधा निरोगी असतो, मात्र या पाहणीला मी टेस्टरचा पर्याय मानत नाही.

इंजिन चांगले निघाले की गळती शोधावी. १९९१ मध्ये आलेल्या माझदाच्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ या गाडीतील १३बी-आरईडब्ल्यू इंजिनात दोन टर्बो एकामागून एक कामाला लागतात. त्यांचे नियंत्रण इनटेक मॅनिफोल्डखाली दाटीवाटीने बसवलेल्या रबरी व्हॅक्यूम पाइपांच्या, सोलेनॉइडांच्या आणि चेक व्हॉल्व्हांच्या जाळ्यातून होते. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते पाइप कडक होतात, त्यांना चिरा पडतात आणि मग दुसरा टर्बो उशिरा लागतो किंवा बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, मध्येच कोसळतो. असा दोष ट्यूनिंगने झाकता येत नाही. सगळे पाइप सिलिकॉनचे बसवावेत आणि टर्बोच्या तोंडाकडून कमी दाबाची हवा भरून इनटेकच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी टाकून पाहावे. याच गाडीच्या फ्यूएल रेलवरचा (इंजेक्टरांना पेट्रोल पोहोचवणाऱ्या नळीवरचा) पल्सेशन डॅम्पर, म्हणजे इंधनाच्या दाबातले धक्के शोषणारा भाग, जुना झाला की त्यातून पेट्रोल झिरपते आणि त्यामुळे गाड्यांना आग लागलेली आहे, म्हणून मॅनिफोल्ड उघडलेच आहे तर तो डॅम्पर बदलल्याखेरीज ते परत बसवू नये.

कूलिंगबाबत डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून राहू नये. या गाडीचा तापमानाचा काटा मधल्या मोठ्या टप्प्यात जागचा हलतच नाही, आणि तो हलू लागेपर्यंत कूलंट सीलना इजा पोहोचू लागलेली असते. कूलंट, तेल आणि टर्बोतून येणारी हवा यांचे खरे आकडे दाखवणारे सेन्सर ट्यूनिंगच्या आधीच बसवावेत. हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डच्या गरम धातूत असेल तर तो हवेपेक्षा धातूचेच तापमान सांगतो, म्हणून लवकर प्रतिसाद देणारा उघड्या टोकाचा सेन्सर इंटरकूलरनंतरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागानंतरच्या) पाइपात बसवणे बरे.

इंधनपुरवठ्यावर थोडे थांबावे लागेल. १३बी-आरईडब्ल्यूला मिनिटाला ५५० सीसी क्षमतेचे दोन प्रायमरी आणि ८५० सीसी क्षमतेचे दोन सेकंडरी इंजेक्टर असतात, म्हणजे एकूण २,८०० सीसी. हा आकडा मोठा वाटतो, परंतु तेवढ्याच शक्तीसाठी रोटरीला पिस्टन इंजिनापेक्षा जास्त इंधन लागते. शिवाय इंजेक्टर त्यांच्या वेळेच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त काळ उघडे ठेवावे लागू नयेत, असे गणित मांडूनच त्यांची निवड करावी. इंजेक्टर मोठे घेतले आणि पंप जुनाच ठेवला तर उपयोग नाही. पंप मोठा घेतला आणि त्याला मूळच्या बारीक तारेतून वीज दिली तर ऐन बूस्टमध्ये व्होल्टेज पडून दाब घसरतो. त्यामुळे पंपाला बॅटरीपासून रिलेमार्फत स्वतंत्र तार ओढावी आणि फ्यूएल रेलवर दाबाचा सेन्सर लावावा. बूस्ट जेवढा वाढेल तेवढाच इंधनाचा दाब वाढला पाहिजे. तो मागे पडताना दिसला तर त्या दिवशी पुढची धाव घेऊ नये.

इग्निशनमध्ये रोटरीची मागणी वेगळी असते. येथे एक्सेंट्रिक शाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरमध्ये एकदा ज्वलन होते, तर चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात एका सिलिंडरला त्यासाठी दोन फेऱ्या मिळतात. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर एक फेरी ८ मिलिसेकंदांत संपते. १३बीच्या दोन्ही रोटरांना प्रत्येकी दोन प्लग असतात, आधी ठिणगी देणारा लीडिंग आणि मागून देणारा ट्रेलिंग. आरएक्स-७ च्या मूळ रचनेत दोन्ही रोटरांच्या लीडिंग प्लगना एकच कॉइल ठिणगी देत असल्यामुळे तिला पुन्हा भरायला जेमतेम ४ मिलिसेकंद मिळतात. बूस्ट वाढवला की ही कॉइल थकते आणि मिसफायर सुरू होतो, म्हणजे मिश्रण पेटतच नाही. येथे एक फसगत होते, जी अनेक ट्यूनरांच्याही लक्षात येत नाही. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, असल्याचे दाखवतो. ट्यूनर आणखी पेट्रोल ओततो, त्याने ठिणगी आणखी विझते आणि पडद्यावर मिश्रण अधिकच लीन दिसते. प्रत्येक प्लगला स्वतंत्र, दमदार कॉइल देणे हा यावरचा खरा उपाय आहे. मूळ रचनेत लीडिंगला एनजीकेचे बीयूआर७ईक्यू आणि ट्रेलिंगला बीयूआर९ईक्यू प्लग असतात. बूस्ट वाढवायचा असेल तर चारही ठिकाणी ९ क्रमांकाचे, म्हणजे अधिक थंड प्रकृतीचे प्लग घालणे ही रूढ पद्धत आहे. तारा लावताना खालचा प्लग लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग हे पुन्हा पुन्हा तपासावे, कारण ट्रेलिंगच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर ठिणगी १८० अंशांनी चुकीच्या वेळी पडते आणि इंजिन निकामी होऊ शकते.

बूस्टचे नियंत्रण अनेकांच्या अंगाशी येते. मोकळा एक्झॉस्ट बसवला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला, की कंट्रोलरला हात न लावताही बूस्ट आपोआप चढू लागतो, कारण वेस्टगेटच्या, म्हणजे जादा एक्झॉस्ट वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या, लहान भोकातून वाढलेला वायू वाट काढू शकत नाही. वेस्टगेटचे भोक मोठे करून घेणे किंवा पुरेसा मोठा बाहेरचा वेस्टगेट बसवणे हे काम ट्यूनिंगच्या आधीचे आहे.

कंट्रोल युनिटबद्दल, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणाऱ्या संगणकाबद्दल (ईसीयू), माझे मत ठाम आहे. मूळ ईसीयू आणि सेन्सर यांच्यामध्ये बसून खोटे संकेत देणारी पेटी टर्बो रोटरीवर वापरू नये. इंधन कमी करण्यासाठी तिने दाबाचा संकेत कमी करून पाठवला की मूळ ईसीयूला इंजिनावर भार कमी आहे असे वाटते आणि तो इग्निशनही पुढे सरकवतो, म्हणजे मिश्रण लीन आणि ठिणगी लवकर, हे दोन्ही धोके एकत्र येतात. लीडिंग आणि ट्रेलिंगचे टायमिंग वेगवेगळे ठरवता येईल आणि इंजेक्टरांचे दोन टप्पे सांभाळता येतील, असा पूर्णतः प्रोग्राम करता येणारा ईसीयू घ्यावा. अपेक्सीचा पॉवर एफसी या गाडीसाठी दीर्घकाळ वापरात आहे, आणि हॅलटेकसारख्या कंपन्यांचे आजचे ईसीयू इंजिन वाचवणारी अधिक साधने देतात.

ट्यूनर निवडताना त्याने किती शक्ती काढली याची चौकशी दुय्यम समजावी. तुमच्या गाडीचे कॉम्प्रेशनचे आकडे तो मागतो का, बेस टायमिंग (ठिणगीची मूळ वेळ) स्ट्रोब लाइटने स्वतः तपासतो का, ट्रेलिंगचा मॅप (ईसीयूमधला आकड्यांचा तक्ता) कसा ठरवतो, आणि इंधनाचा दाब घसरला तर काय करतो, हे विचारावे. दोष दिसल्यावर गाडी परत पाठवणारा ट्यूनर मला सर्वांत विश्वासाचा वाटतो.

डायनोवर (गाडी जागेवरच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) पहिले काम बेस टायमिंगचे. ईसीयूमध्ये टायमिंग एका आकड्यावर अडकवून ठेवावे आणि पुलीवरची खूण स्ट्रोब लाइटने त्याच आकड्यावर दिसते का ते पाहावे. १३बी टर्बोच्या मूळ मांडणीत आयडलला लीडिंग टॉप डेड सेंटरनंतर (मिश्रण सर्वाधिक दाबले जाते त्या बिंदूनंतर) ५ अंशांवर आणि ट्रेलिंग २० अंशांवर असते, त्यामुळे कोणती खूण कशाची हे त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून पक्के करावे. पडद्यावरचे १० अंश इंजिनात १५ निघाले तर नंतरचा प्रत्येक निर्णय चुकीचा ठरतो.

त्यानंतर आयडल, हलका भार आणि क्रूझिंगचे भाग भरावेत, आणि मग सेकंडरी इंजेक्टर लागण्याचा टप्पा सावकाश तपासावा. बहुतेक मॅपमध्ये पाणी मुरते ते येथेच. दुसरे इंजेक्टर उघडताना क्षणभर मिश्रण लीन झाले तर गाडी अडखळते, आणि हे बूस्ट चढत असताना घडले तर धोका आहे. पूर्ण भाराची पहिली धाव वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, म्हणजे शक्य तितक्या कमी बूस्टवर घ्यावी. पेट्रोलवर पूर्ण बूस्टमध्ये हवा-इंधन प्रमाण ११ ला १ च्या आसपास ठेवावे. सुरुवातीला त्याहूनही रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, असले तरी चालेल. बूस्ट थोडा थोडा वाढवावा, प्रत्येक धावेनंतर हवेचे आणि कूलंटचे तापमान खाली येऊ द्यावे, आणि इंटरकूलरवर पुरेसा वारा घालणारा पंखा नसेल तर त्या डायनोवर पूर्ण बूस्टची धाव घेऊच नये.

इग्निशनमध्ये हात आखडता ठेवावा. रोटरीचे दहनकक्ष लांबट आणि सपाट असते, ज्वाला त्यातून सावकाश पसरते आणि टायमिंग पुढे नेल्याने होणारा फायदा एका मर्यादेनंतर अगदी थोडा उरतो, धोका मात्र वाढत जातो. टायमिंग वाढवूनही टॉर्क वाढत नसेल तर लगेच मागे यावे. ट्रेलिंगची ठिणगी बूस्टमध्ये लीडिंगनंतर १० ते १५ अंशांनी पडेल असे अंतर राखावे. हे अंतर कमी करून थोडी शक्ती मिळते, पण रस्त्यावरच्या गाडीसाठी मी तो व्यवहार करणार नाही. फार मागे ठेवलेल्या टायमिंगचीही किंमत असते, कारण त्याने एक्झॉस्ट अधिक तापतो, आणि रोटरीचा एक्झॉस्ट मुळातच तापट असतो. नॉक सेन्सरची नोंद पाहावी, पण केवळ तिच्यावर विसंबून मर्यादा शोधत जाऊ नये. या इंजिनात पहिली स्पष्ट नोंद येईपर्यंत सील फुटलेली असू शकते.

ईसीयूमध्ये संरक्षणाच्या मर्यादा त्याच दिवशी बसवून घ्याव्यात. बूस्ट ठरलेल्यापेक्षा वर गेला, मिश्रण लीन झाले, इंधनाचा किंवा तेलाचा दाब पडला, कूलंट तापले, की इंजिनाने स्वतःहून शक्ती कमी केली पाहिजे. सीलना वंगणाचे तेल पुरवणारा मूळ ऑइल मीटरिंग पंप काढला असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळण्याची सवय लावावी लागते. लिटरला ८ मिलिलिटरच्या आसपास हे प्रमाण वापरात आहे, आणि टाकी भरताना ते एकदाही विसरून चालत नाही. पंप चालू असला तरी थोडे तेल मिसळणे मी पसंत करतो.

डायनोवरून उतरल्यावर वेगवेगळ्या तापमानांच्या दिवशी नोंदी घ्याव्यात आणि त्या ट्यूनरला दाखवाव्यात, कारण थंड स्टार्ट, गरम स्टार्ट आणि लांब चढावावरचा भार डायनोवर पूर्ण तपासता येत नाहीत. ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर मॅप बनला त्याहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरावे लागले तर ते संपेपर्यंत बूस्टवर जाऊ नये. काहीशे किलोमीटरनंतर चारही प्लग काढून पाहावेत. पोर्सिलिनवर धातूचे बारीक चमकते कण दिसले तर गाडी तशीच उभी ठेवून पुन्हा कॉम्प्रेशन तपासावे, आणि रंग स्वच्छ तपकिरी असेल तर प्लग परत बसवून मॅपच्या फाइलची एक प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी.